आजोळच्या सामानाची यादी आणि एक हरवलेला शब्द

ओसरी:

मंडळी, एका शब्दासाठी हा धागा काढतेय. पण तो शब्द विचारायचा तर आधी घर सांगावं लागेल, म्हणून थोडं लांबेल.

माझं आजोळ कराडच्या पुढे, कृष्णाकाठी. घर आता विकायचं ठरलंय. धाकटे मामा-मामी शेवटपर्यंत तिथं होते, ते दोघंही गेले. थोरले मामा ऐंशीच्या पुढचे, मुलाकडे पुण्याला असतात. गेल्या महिन्यात आम्ही मामे-मावस भावंडं दोन दिवस तिथं राहिलो आणि निघण्याआधी सामानाची यादी केली. मामेभाऊ सोप्यात वही घेऊन बसला. मी खोल्याखोल्यांतून फिरत मोठ्यानं सांगत होते, तो लिहून घेत होता. तांब्याचा बंब १. पितळी घंगाळ १. पितळी हंडे २, पैकी एक पोचलेला. पाटा १, वरवंटे २. शिसवी आरामखुर्ची १, वेताची वीण फाटलेली. जेवायचे पाट ९. जातं १, खुंटा नाही.

माजघरात आले आणि अडले. तिथल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीला लागून एक लाकडी वस्तू आहे. चार पाय, माझ्या कमरेच्या थोडी खाली येईल एवढी उंची, वर एकच जाड फळी, दोन हात लांब आणि हातभर रुंद. बसायला उंच, टेबल म्हणायला अरुंद. फळीच्या कडेनं बोटाएवढी खाच फिरवलेली आहे आणि एका कोपऱ्यात ती खाच मोकळी सोडलीय. पाय खालून वीतभर काळे पडलेत. आमच्या लहानपणी सकाळी उठलं की सगळ्या गाद्या, गोधड्या, उशा घडी घालून तिच्यावर रचायच्या आणि वरून जुन्या नऊवारीचा पडदा टाकायचा. लपाछपीत तिच्याखाली बसलं की समोरून कुणी दिसायचं नाही, फक्त पाय दिसायचे. कुणाचे पाय आहेत ते ओळखायचं आणि श्वास धरून बसायचं.

"हं, पुढं?" भाऊ बाहेरून म्हणाला. मला नाव येईना. "अरे ते, गाद्या ठेवायचं." त्यानं लिहिलं, 'उंच स्टूल १'.

आजी त्याला स्टूल कधीच म्हणत नव्हती. तिचा एक शब्द होता. "त्या अमुकचीवर चढू नका रे, लवंडंल." शेवटी 'ची' होतं एवढं मला पक्कं आठवतंय. आई असती तर फोन करून विचारलं असतं. गाडीत बसल्यापासून आजपर्यंत तो शब्द जिभेच्या टोकावर आहे आणि खाली उतरत नाही.

बाकीच्या वस्तूंची नावं येतात, कारण त्यांच्याशी आमचं काहीतरी काम असायचं. कंदिलांचंच घ्या. ओगलेवाडी आम्हाला जवळ, तिथल्या काचकारखान्याचे प्रभाकर कंदील घरात चार होते. दिवेलागणीच्या आधी काचा पुसायचं काम मुलांचं, कारण मोठ्या माणसाचा हात काचेच्या तोंडातून आत जात नसे. आधी राखुंडी लावलेलं फडकं, मग कोरड्या वर्तमानपत्राचा बोळा. बोळा आत फिरवताना काच किरकिरायची. वात मात्र आजी स्वतः कापायची. सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उतरवायची. वात वाकडी कापली तर ज्योतीला एका बाजूनं शिंग फुटतं आणि तासाभरात काच काजळते, मग दुसऱ्या दिवशी पुसणाऱ्याचे हाल. चार कंदिलांच्या चार जागा ठरलेल्या होत्या: सोप्यातली खुंटी, माजघराचा कोनाडा, चुलीजवळची देवळी आणि गोठ्याच्या दाराची कडी. वीज आल्यावरही ते तिथंच लटकत राहिले. परवा यादीत 'कंदील ४, काचा २' असं लिहिलं.

तर, 'ची'नं संपणारा तो शब्द कुणाला माहीत आहे का? आणि तुमच्या आजोळी काय काय होतं तेही लिहा. यादी करताना लक्षात आलं, आमच्या पिढीला या वस्तू नुसत्या बघून माहीत आहेत. नाव विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघतो.


भीमथडी:

तिवई असणार.


ओसरी:

तिवईला तीन पाय. हिला चार आहेत आणि ती बरीच उंच आहे. शिवाय शेवटी 'ची' हवं.


मुचकुंदी:

माचवी म्हणतात का तुमच्याकडं? आमच्याकडे बाळंतिणीची ती माचवी, म्हणजे ठेंगणी खाट. पण गावागणिक अर्थ बदलतात म्हणून विचारलं.

माझं आजोळ रत्नागिरीच्या खाली, राजापूरच्या बाजूला. उतरतं कौलारू घर, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. कौलं मंगळुरी. ती मूळची बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ साली कारखाना काढून करायला घेतली आणि गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आजोबांच्या वडिलांनी नळे काढून ती चढवली होती, असं घरात सांगत. वाशांमध्ये एका जागी कौलाऐवजी काच बसवलेली होती. दुपारी तिच्यातून उन्हाचा एक चौकोन माजघरात उतरायचा आणि हळूहळू सरकत जात्यापर्यंत जायचा. तो जात्याला टेकला की आजी चहाचं आधण ठेवायची. भिंतीवरचं घड्याळ ओटीवर होतं, ते आजोबांचं. आजीचं घड्याळ हे.

सामान म्हणाल तर फारसं नव्हतंच. पडवीत झोपाळा, सागवानी फळीचा, कड्या पितळेच्या. ओटीवर एक बाक. माजघरात आढ्याला शिंकाळी टांगलेली, मांजराच्या आणि मुंग्यांच्या आवाक्याबाहेर. दह्याचं एक, लोण्याचं एक आणि एक रिकामं. रिकामं कशाला, असं विचारलं तर आजी म्हणायची, आलं-गेलं असतं. खुर्च्या दोनच, त्याही सरकारी माणूस आला तर.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतं ते मापांचं फळकूट. लाकडी पायली, शेर, मापटं, चिपटं, एकात एक बसवून ठेवलेली. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. भात झोडून झाला की आजोबा खळ्यात बसून मोजायचे. पहिली पायली ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. मी शाळेत पाढे म्हणतानाही एकदा 'लाभ' म्हटलं होतं. दशमान मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, बाजारात किलो-लिटर रुळलं, पण आजीच्या स्वयंपाकघरात तांदूळ चिपट्यानंच मोजला गेला. माणशी किती, हे तिचं गणित त्या भांड्यात बसलेलं होतं. ते चिपटं आता माझ्याकडे आहे. मी अजून त्यानंच तांदूळ घेते आणि अजून भात कमी-जास्त होत नाही.


चाळकरी:

आमचं आजोळ गिरगावातली दीड खोली. त्यामुळे अंगण, माजघर, गोठा यातलं काही नाही. पण सामान होतं, आणि प्रत्येक वस्तूला दोन-दोन कामं होती. लोखंडी खाट, तिच्याखाली तीन पत्र्याच्या ट्रंका. खाटेचे चारही पाय विटांवर उचललेले, ट्रंका मावाव्यात म्हणून. त्यातल्या एका ट्रंकेवर सतरंजी घातली की ती पाहुण्यांची बसायची जागा. मोरीच्या कट्ट्याला लागून पाण्याचं पिंप. नळ पहाटे यायचा, पाणी भरताना पिंपाचा आवाज बदलत जायचा, आधी खणखणीत, मग जाड, आणि भरत आलं की अगदी बारीक. मी अंथरुणातच डोळे मिटून सांगायचो, आजी, भरलं.

शब्द मला माहीत नाही. धागा मात्र रोज उघडून बघणार आहे.


सवणं:

ओसरीताई, तुम्ही यादी करू शकलात, हेच मोठं आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, आज लिहितो.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. माळवदाचं घर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या नाहीतर चिपाडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, गळू नये म्हणून. वर्षानुवर्षं माती टाकत गेलं की डोक्यावरचं ओझं वाढत जातं. उन्हाळ्यात मात्र आत इतकं गार की दुपारी पांघरूण लागायचं. उजेडासाठी माळवदाला भोक असतं, त्याला सवणं म्हणतात. माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय. चुलीचा धूर त्या सवण्यातून वर जायचा आणि ऊन खाली यायचं, दोघांची मधेच गाठ पडायची. मी त्या धुरात हात घालून उन्हाची काठी पकडायला बघायचो.

भिंतीतच बळद होतं, ज्वारी साठवायला. वरून ओतायची आणि खाली एक लहान तोंड, त्याला शेणमातीनं लिंपलेलं झाकण. आजी ते फोडायची तेव्हा आतून येणारा वास मला आज कुठं मिळत नाही. ढाळजेत आजोबांची बाज, सुतळीनं विणलेली. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढून ताणायची, ते काम माझं. बाजेखाली त्यांचा पानाचा डबा आणि अडकित्ता.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आजोबा मिरवणुकीनंतर उशिरा आले आणि उकडतंय म्हणून बाज अंगणात ओढून झोपले. आजी आत झोपली होती. ज्या भिंतींनी तिला सगळा जन्म उन्हापासून राखलं, त्याच तिच्यावर आल्या. दगड मातीत बसवलेले, एकमेकांना धरून काही नाही, आणि वर ते माळवदाचं ओझं.

आजोबा नंतर सहा वर्षं जगले, नव्या वसाहतीतल्या घरात. पातळ भिंती, चौकोनी खोल्या. त्या घरात त्यांच्या सामानाची यादी केली असती तर दोन ओळींत संपली असती: बाज आणि बाजेखालचा अडकित्ता. अंगणात होते म्हणून वाचलेले. अडकित्ता माझ्याकडे आहे. आमच्यात कुणी सुपारी खात नाही. महिन्यातून एकदा मी त्याच्या बिजागरीला तेलाचा थेंब सोडतो, म्हणजे तो उघडतो.


ओसरी:

सवणं दादा, काय लिहू ते कळत नाही. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. तुमच्या आजीचं ते उन्हाचं आणि धुराचं घर आता मीही पाहिलं.


पेठकर:

सवणं यांच्या प्रतिसादानंतर सामानाबद्दल लिहायला जीव होत नाही, पण मूळ प्रश्नासाठी लिहितो. शब्द मलाही ठाऊक नाही. 'मांडणी'ची उंच जात असावी असा अंदाज होता, पण मांडणीला कप्पे असतात.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आजोबांच्या बैठकीत तसबिरींची एक रांग होती, सगळ्या पुढे कललेल्या. वर दोरी, खाली दोन खिळ्यांचा आधार, मागे पोकळी. त्या पोकळीत चिमण्या घरटं करायच्या आणि काड्या लोडांवर पडायच्या. त्यात रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि नंतर मळवलीला हलवला गेला. आमच्या लक्ष्मीच्या शालूला पणजीनं खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या, दागिन्यांवर बारीक मणी. दिव्याच्या उजेडात तेवढाच भाग चमकायचा. लहानपणी मला वाटायचं, देवीचं चित्र असंच छापून येतं. मोठेपणी दुसऱ्या घरी तीच लक्ष्मी बिनजरीची पाहिली आणि तिची कीव आली.

ओसरी, वस्तू ठेवायला घरात कुणाकडे जागा नसेल तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात विचारून बघा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हेच जमवलं: दिवे, अडकित्ते, भांडी, दारं, फणेरपेट्या. १९७५ साली सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. आपल्या गेलेल्या लहान मुलाच्या नावानं त्यांनी तो उभा केला, हे दालनांतून फिरताना माझ्या मनातून जात नाही. आणि पोचलेला हंडा टाकू नका, तांबट आळीत पोचा काढून मिळेल. पितळेला आतून कल्हई केलीत तर स्वयंपाकालाही वापरता येईल. नाहीतर आंबट कळकतं.


बंगई:

घडवंची!

ओसरीताई, घडवंची. माझं आजोळ अमरावतीकडचं. आमच्या आजीकडे बैठकीत बंगई होती (तुम्ही लोक झोपाळा म्हणता ती) आणि सैपाकघराच्या दाराशी घडवंची. हिंदीतही घडौंची म्हणतात. घडा आणि मंच, म्हणजे घडे ठेवायचा मंच. गाद्यांसाठी नव्हे, पाण्यासाठी असते ती.

तुम्ही लिहिलेलं परत वाचलं, आणि सगळं तिकडंच बोट दाखवतंय. फळीच्या कडेनं जी खाच सांगितली ती हंड्यांवरून ओघळलेलं पाणी गोळा करायला, आणि एका कोपऱ्यात मोकळी सोडली ती ते पाणी एकाच जागी पडावं म्हणून. आमच्याकडे त्या कोपऱ्याखाली तुळशीची कुंडी ठेवलेली होती. पाय खालून काळे पडले ते ओलीनं. उंची कमरेखाली कशासाठी, तर भरलेली घागर डोक्यावरून किंवा कडेवरून उतरवताना बाईला वाकावं लागू नये. जमिनीवर ठेवायची तर कंबर मोडते. आणि जमिनीपासून वर असलं की पोरं, कोंबड्या, कुत्री तोंड घालत नाहीत.

फळीवर गोल डाग आहेत का बघायला सांगा कुणाला. असले तर दोन असतील. फळी दोन हात लांब म्हणता, तेवढ्यात दोनच मोठी भांडी बसतात.


ओसरी:

घडवंची. घडवंची. घडवंची.

मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं तीनदा म्हटलं. "त्या घडवंचीवर चढू नका रे, लवंडंल." हेच. अगदी हेच. बंगई, तुमचे उपकार कसे मानू. आजीचा आवाज मला इतकी वर्षं आठवत होता आणि मधला एक शब्द गळाल्यासारखा ऐकू येत होता. आज पूर्ण वाक्य ऐकू आलं.

घराची किल्ली शेजारच्या काकांकडे असते. त्यांना लगेच फोन लावलाय, संध्याकाळी जाऊन फोटो पाठवतो म्हणाले.


भीमथडी:

छान झालं. आता तिवई म्हणालो ते परत घेतो.

यावरून एक मनात आलं. माझ्या चुलत भावानं गावाकडचं जातं आणून फ्लॅटच्या दारात ठेवलंय, वर काच टाकून, चपला काढताना टेकायला. आमची आजी पहाटे त्याच जात्यावर दळायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं की तिचं अंग पुढेमागे हलायचं, आणि जात्याची घरघर पोटात ऐकू यायची. आता त्याच्या पाळीवर चपला बघितल्या की मी नजर दुसरीकडे वळवतो. भावाला बोललो नाही. त्यानं निदान आणलं, मी तर ते गावीच सोडून आलो होतो. पण राग येतो.


मुचकुंदी:

भीमथडी, बोला की त्याच्याशी. त्याला कदाचित आजीच्या मांडीवरचं काही माहीतच नसेल. तो धाकटा असेल तर त्याच्या वेळेला गिरणी आली असेल. त्याच्यासाठी तो गावाकडचा एक दगड आहे. तुम्ही सांगितलंत तर चपला तोच हलवेल. वस्तू वापरात राहावी या मताची मी आहे, चिपटं वापरते म्हणून तर ते आजीचं राहिलं. पण जात्यावर चपला नकोत, हे माझंही मत.


पेठकर:

मुचकुंदी, वापर हा एकच मार्ग धरला तर अडचण होते. नव्या घरात घडवंचीला हंडा कुठून आणणार? नळ सुरू आहे, फिल्टर भिंतीवर आहे. म्हणून मी संग्रहालयाचं सुचवलं. तिथं निदान खाली नाव लिहिलेलं राहतं.


ओसरी:

फोटो आले. थोरल्या मामांशीही बोलले. सविस्तर लिहिते.

डाग आहेत. दोन. काकांनी आधी फडक्यानं धूळ पुसली, मग मोबाईलचा दिवा आडवा धरून फोटो काढला. उभ्या उजेडात काही दिसत नाही. आडव्या उजेडात फळीवर दोन वर्तुळं स्वच्छ दिसतात, शेजारी शेजारी, मधे तीन बोटांचं अंतर. नुसते डाग नाहीत, खळगे आहेत. भांड्यांच्या बुडांनी लाकूड दाबून दाबून खाली बसलंय. उजवीकडचं वर्तुळ जास्त खोल आहे. आमच्या गाद्या आयुष्यभर या दोन वर्तुळांवर होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता.

फोटो मामांना पाठवला, मग फोन केला. मी म्हटलं, "मामा, ही घडवंची." ते म्हणाले, "मग? तुला काय वाटलं?" मी म्हटलं, आम्ही यादीत स्टूल लिहिलंय. ते काही बोलले नाहीत. मग सांगायला लागले.

घरात नळ येईपर्यंत पाणी नदीवरून यायचं. आजी आणि मोठी मावशी पहाटे चार खेपा करायच्या. उजवीकडचा हंडा पिण्याचा, तो दिवसातून दोनदा भरला आणि रिकामा केला जायचा. म्हणून तो खळगा खोल. डावीकडचा वापराचा. उजव्या हंड्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे, बाहेरून आलेल्यानं तर लावायचाच नाही. पाणी आजीनं ओतायचं. खाचेतून ओघळणारं पाणी कोपऱ्याखालच्या मातीच्या पातेल्यात पडायचं, ते वासराला. नळ आला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर. मग हंडे मोरीत गेले आणि घडवंची रिकामी झाली, तिच्यावर गाद्या चढल्या. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणून मला ती गाद्यांचीच माहीत.

आणि तो पोचलेला हंडा. सवणं दादा, हे तुमच्यासाठी लिहितेय. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, तोही पहाटेचा. मामा म्हणाले, आधी भांडी बोलायला लागली आणि मग घर. माजघरातली उतरंड कोसळली, सगळ्या मडक्यांचा चुरा झाला, धान्य जमिनीवर. घडवंची भिंतीपासून सरकून पुढे आली आणि उजवा हंडा भरलेला होता तो खाली पडला. आजी पोरांना बाहेर काढत होती, त्या पाण्यावरून घसरली आणि हात मोडला. डावा हंडा जागचा हलला नाही. सकाळ झाल्यावर आजोबांनी घडवंची परत भिंतीला लावली आणि मामांना मोडक्या उतरंडीतलं धान्य निवडायला बसवलं. मातीची उतरंड पुन्हा मांडली नाही, पत्र्याचे डबे आणले.

तो पोचा मला लहानपणापासून पाठ आहे. आम्हाला आंघोळीला तोच हंडा असायचा आणि पोच्यात अंगठा नेमका बसायचा, म्हणून तो धरायला सोपा. मी समजत होते, कुणीतरी मुद्दाम मुलांसाठी तसा केलाय. पेठकर काका, तुमचं सांगणं मनावर घेतलंय, कल्हई करून घेणार आहे. पोचा तसाच ठेवायला सांगेन.

घडवंचीचं म्हणाल तर संग्रहालयात नाही देत अजून. मी घेतेय. माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर राहायला आहे, लिफ्टमध्ये ती मावते, मोजून बघितलं. माठ आहेच घरात, आत्ता ओट्यावर असतो. उजव्या खळग्यात ठेवणार. डावीकडे काय, ते माहीत नाही. तिथं सध्या काही ठेवणार नाही.

मामेभावाला फोन करून वही काढायला लावली. त्यानं 'उंच स्टूल' खोडलं आणि विचारलं, "घडवंचीतला 'ड' कोणता गं, डमरूचा की ढगातला?" डमरूचा, मी म्हटलं. त्यानं लिहून मला वहीचा फोटो पाठवला.


सवणं:

वाचलं. दोनदा वाचलं. तुमच्या आजीचा हात नीट बरा झाला का नंतर?


ओसरी:

झाला. थंडीत दुखायचा. वात कापताना कात्री डाव्या हातात धरायची ती त्यामुळेच, हे मामांनी परवा सांगितलं.


चाळकरी:

आज घरी पिंपाखाली बघितलं. आजीचं पिंप आता माझ्याकडे आहे, गॅलरीत, आत कांदे-बटाटे. ते ज्या लाकडी चौकटीवर बसतं ती मी आजवर नुसती 'पिंपाखालचं' म्हणत आलो. चौकोनी, बुटकी, चार पाय, मधे फळी नाही, फक्त कडा. हिला काय म्हणतात? बंगई, तुम्ही आहात का?


बंगई:

आहे. अडणी असावी, पण फोटो टाका. पायांना आडव्या पट्ट्या आहेत का?


चाळकरी:

दोन बाजूंना आहेत, दोन बाजूंना नाहीत. कांदे काढून उद्या सकाळी उजेडात फोटो टाकतो.